तोंडी हुकूम, लेखी सही

समजा, एका बीटात सागाची पंधरा ताजी थुटं सापडली. बीटगार्डाच्या पिशवीत पीओआरचं बुक आहे, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवालाची छापील, क्रमांक टाकलेली पानं. एक पान भरलं की गुन्हा नोंदला गेला. त्या क्रमांकाचा हिशेब मग कधीतरी द्यावाच लागतो. तो पेन काढतो आणि तेवढ्यात फोन वाजतो. ‘‘पाचच दाखव.’’ किंवा नुसतंच, ‘‘आत्ता काही लिहू नको, मी बघतो.’’ फोन ठेवला जातो. पलीकडच्या माणसानं एक अक्षरही लिहिलेलं नाही. आता पाच, पंधरा किंवा शून्य, जे काही लिहिलं जाईल ते बीटगार्डाच्या अक्षरात आणि त्याच्या सहीनं. सहा महिन्यांनी फिरतं पथक येऊन थुटं मोजेल, तेव्हा उरलेल्या दहांचा जाब त्यालाच विचारला जाईल.

हा लेख त्या फोनबद्दल आहे. वरिष्ठ चुकीचं वागतोय हे कळल्यावर हाताखालच्यानं काय करायचं, हा प्रश्न सगळीकडे पडतो आणि बहुतेक वेळा तो धैर्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो: बोलायचं की गप्प बसायचं. चंद्रपूर आणि गडचिरोलीत तो मला तसा दिसत नाही. इथे गैरवर्तन वरून तोंडी निघतं आणि खाली पोचेपर्यंत लेखी होतं. त्यामुळे सदसद्विवेकाची सगळी ओढाताण भाषणाच्या व्यासपीठावर होत नाही, ती सहीच्या रकान्यापाशी होते. तिथे माणूस एकटा असतो आणि त्याला फार तर दोन मिनिटं मिळतात.

जंगल खात्याची उतरंड आधी समजून घ्यावी लागते. तळाला वनरक्षक, म्हणजे बीटगार्ड. काही बीटांचा मिळून राउंड, त्यावर वनपाल. मग रेंजर साहेब, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. मग एसीएफ, म्हणजे सहायक वनसंरक्षक, मग उपवनसंरक्षक, ज्यांना लोक अजूनही डीएफओ साहेबच म्हणतात. त्यावर मुख्य वनसंरक्षक आणि शेवटी नागपूरचं वनभवन. वरची माणसं दिल्लीच्या परीक्षेतून येतात आणि दोन-तीन वर्षांत जातात. खालची बहुतेक इथलीच असतात, गोंडी किंवा माडिया घरातली, झाडीबोली बोलणारी. पण उतरंड वनरक्षकापाशी संपत नाही. त्याच्याखाली रोजंदारीचे वनमजूर आहेत, व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतीच्या गावांतली प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेत. जंगलात खरं काय चाललंय हे सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक असतं. आणि ज्यांना निलंबित करायचीही गरज पडत नाही, उद्यापासून येऊ नको एवढं सांगितलं की भागतं, तेही तेच.

गैरवर्तन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. खोटं मस्टर, न केलेल्या कामाची मोजमाप पुस्तिका, लाकडाच्या ट्रकला मिळालेला संशयास्पद वाहतूक परवाना. हे सगळं आहेच. तरी मला वाटतं, सर्वांत अवघड जागा ती नव्हे. पाकीट घेणाऱ्या साहेबाबद्दल हाताखालच्याच्या मनात निदान गोंधळ तरी नसतो. अवघड असतो तो साहेब, जो हुकूम देतच नाही, फक्त इच्छा व्यक्त करतो.

वृक्षलागवडीचं बघा. १ जुलै २०१६ रोजी राज्यानं एका दिवसात २ कोटी रोपं लावायचा संकल्प सोडला. पुढच्या तीन वर्षांची उद्दिष्टं ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी. त्या वेळचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचे आमदार, तेव्हा या भागात उत्साह जरा जास्तच असणार हे ओघानं आलं. योजनेच्या हेतूशी माझं भांडण नाही. मला त्या आकड्याचा प्रवास बघायचा आहे. मंत्रालयात तो उद्दिष्ट असतो. वनवृत्तात येतो तेव्हा वाटणी होते, विभागात पोचतो तेव्हा तक्ता होतो, आणि बीटात उतरतो तेव्हा तो लिहायचा आकडा झालेला असतो. मुरमाड जमीन, मेमध्ये शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जाणारा पारा, एक वणवा आणि गावची गुरं. दोन वर्षांनी शंभरातली चाळीस रोपं जगली असतील तर रोपवनाच्या रजिस्टरात काय लिहायचं? चाळीस लिहिलं तर रोपवन फसलं, आणि फसलेल्या रोपवनाला पहिला जबाबदार तोच. ऐंशी लिहिलं तर आजचा दिवस निभावतो. साहेबांनी खोटं लिही असं कधी म्हटलेलं नसतं. साहेब म्हणालेले असतात, ‘‘टक्केवारी जरा बरी आली पाहिजे.’’ आता या वाक्यावर कुठल्या कलमाखाली तक्रार करणार?

सरकार बदललं आणि २०२१ मध्ये याच लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याचं जाहीर झालं. राजकारण त्यात होतंच, तो भाग सोडू. पण अशा कुठल्याही चौकशीत पहिल्यांदा उघडतं ते रोपवनाचं रजिस्टर, आणि त्यातली अक्षरं मंत्र्याची किंवा वनसंरक्षकाची नसतात.

इथे एक फरकही करायला हवा, नाहीतर प्रत्येक दुर्घटनेत खलनायक शोधायची सवय लागते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेसाठी ठरवून दिलेल्या रेषेवरून पायी चालत होत्या. सोबत तीन मजूर होते. वाघिणीनं हल्ला केला आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढे काही काळ पायी गणना थांबवली गेली. हे कुणा एका साहेबाचं गैरवर्तन नव्हतं, देशभर तीच पद्धत चालू होती. पण त्यानंतर ज्यांना पुन्हा त्याच रेषेवर चालायला सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी प्रश्न बदलला असणार. धोका माहीत असून, हातात काठीपलीकडे काही न देता पाठवणं हे गैरवर्तन कुठे सुरू होतं? वाघाच्या जिल्ह्यात नोकरी केली म्हणजे हे आलंच, असं म्हणणारे असतात. म्हणणारे सहसा गाडीत बसलेले असतात.

आता सह्यांचं काय होतं ते बघायला जंगलातून थोडं बाहेर, वैनगंगेच्या कालव्यावर जाऊ. गोसीखुर्द धरण भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात आहे, पण त्याचा उजवा कालवा चंद्रपूर जिल्ह्यात उतरतो आणि सावली तालुक्यातला जुना आसोलामेंढा तलावही याच प्रकल्पाला जोडलेला आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा किंमत धरली होती सुमारे ३७२ कोटी. पुढे ती अठरा हजार कोटींच्या वर गेली. ब्रह्मपुरी-सिंदेवाही-सावलीकडच्या धानाच्या बांध्यांना पाणी किती आणि कधी मिळालं हा वेगळा, चिडवणारा विषय आहे.

२०१२ मध्ये जलसंपदा विभागातल्या एका मुख्य अभियंत्यानं मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना सविस्तर पत्र लिहिलं. विजय पांढरे हे त्यांचं नाव. नाशिकच्या ‘मेरी’ या संशोधन संस्थेत ते मुख्य अभियंता होते आणि राज्याच्या तांत्रिक सल्लागार समितीवरही होते. फुगवलेली अंदाजपत्रकं, निकृष्ट कामं, चालू न झालेल्या उपसा सिंचन योजना, हे सगळं त्यांनी अभियंत्याच्या भाषेत मांडलं. त्याच सुमाराला राज्याच्या आर्थिक पाहणीतला एक आकडा गाजत होता: दहा वर्षं, सुमारे सत्तर हजार कोटींचा खर्च आणि सिंचनात ०.१ टक्क्याची वाढ. २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ते परत आले. श्वेतपत्रिका निघाली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

पांढरे यांचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते योग्यच होतं. पण या गोष्टीतली न सांगितली जाणारी बाजू अशी, की ते ज्या खुर्चीवरून बोलले तिथून बोलता येत होतं. पद मुख्य अभियंत्याचं, निवृत्ती फार लांब नाही, आणि स्वतःच्या सहीचं बिल कुठल्याही कालव्यावर अडकलेलं नाही. सावलीच्या उपविभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला यातलं काहीच नव्हतं. आणि पुढे झालं ते असं: ‘जनमंच’ या संस्थेनं नागपूर खंडपीठात जनहित याचिका लावून धरली, २०१६ पासून लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गोसीखुर्दच्या कालव्यांच्या कामांवर गुन्हे नोंदवायला सुरुवात केली आणि आरोपींच्या यादीत ठेकेदारांबरोबर कार्यकारी अभियंते, अधीक्षक अभियंते, विभागीय लेखा अधिकारी असे लोक आले. निविदेची किंमत नियम डावलून वाढवली, अपात्र ठेकेदाराला पात्र ठरवलं, असे आरोप. म्हणजे कागदावर ज्यांच्या सह्या होत्या ती माणसं. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच विभागानं न्यायालयात माजी मंत्र्यांवर जबाबदारी येत असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. डिसेंबर २०१९ मधल्या प्रतिज्ञापत्रात भूमिका बदलली: कामं राबवणाऱ्या यंत्रणेच्या कृत्यांबद्दल पाटबंधारे महामंडळाच्या अध्यक्षांना किंवा मंत्र्यांना जबाबदार धरता येत नाही, कारण छाननी करून धोक्याची सूचना देणं हे खालच्या अधिकाऱ्यांचं काम होतं.

यातलं कायद्याच्या दृष्टीनं बरोबर काय, ते न्यायालयाचं काम. मी फक्त एवढंच म्हणतो, की सरकारी नोकरीतल्या कुणाही माणसानं हे दुसरं प्रतिज्ञापत्र वाचावं. आपल्या सहीची किंमत काय आहे हे इतक्या स्पष्टपणे एरवी कुणी सांगत नाही. वरच्याला वाचवताना खालच्याला सांगितलं जातं की सूचना तुम्ही द्यायची होती. आणि ज्या दिवशी सूचना द्यायची होती, त्या दिवशी काय सांगितलं गेलं असेल, हे त्या खात्यात काम केलेल्याला विचारावं.

पैशांच्या गैरव्यवहारात निदान कागद तरी असतो. माणसाशी वाईट वागण्याचा कागदच नसतो. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं. वय २८. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी आपल्या उपवनसंरक्षकावर छळाचे आरोप केले होते. चारचौघांत अपमान, गरोदरपणात कच्च्या वाटांवर फिरायला लावणं, रजा आणि पगार अडवणं, असे ते आरोप. ते पत्र लिहिलं होतं क्षेत्र संचालकांना, म्हणजे त्या वरिष्ठाच्याही वरिष्ठाला, आणि आधी सांगूनही काही झालं नाही हे दुःख त्यात होतं. उपवनसंरक्षकाला दुसऱ्या दिवशी नागपुरात अटक झाली, दोन्ही अधिकारी निलंबित झाले. आरोपांचा निवाडा न्यायालयातच होतो, इथे तो करायचं कारण नाही. मेळघाट अमरावती जिल्ह्यात येतं, पण त्या आठवड्यात विदर्भातल्या वन कार्यालयांमध्ये, चंद्रपूरच्या मूल रस्त्यावरच्या वन प्रबोधिनीत शिकून बाहेर पडलेल्या रेंजरांमध्येही, दुसऱ्या कशाचीच चर्चा नसणार.

मला या प्रकरणात एक गोष्ट फार खुपते. त्या तक्रार करत नव्हत्या असं नव्हतं. त्या तक्रार शिडीवरूनच वर पाठवत होत्या, जशी शिस्तीत पाठवायची असते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत समिती आहे, तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची मुदत आहे, जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. कागदावर का होईना, दार आहे. पण सूड उगवणं, घालूनपाडून बोलणं, नको त्या वेळी नको तिथे पाठवणं, पगाराचं बिल टेबलावर पडू देणं, याला वेगळं दार नाही. ते ‘प्रशासकीय बाब’ या नावाखाली जातं. आणि प्रशासकीय बाबीची तक्रार ऐकणारा हा तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच शेजारच्या खोलीत बसतो. दोघंही एकाच सेवेतले असतात, हे निराळं सांगायला नको.

आता या दोन जिल्ह्यांची एक खास गंमत. तिला गंमत म्हणणं बरोबर नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. उरलेल्या महाराष्ट्रात वरिष्ठाशी वाकडं घेतलेल्याला काय धमकी देतात? ‘‘गडचिरोलीला टाकीन.’’ २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हापासून मंत्रालयाच्या शब्दकोशात काळ्या पाण्याचा समानार्थी शब्द होऊन बसला आहे. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता देणारा शासन निर्णय २००२ चा. म्हणजे शासनानंच मान्य केलं की इथे यायला लालूच दाखवावी लागते. याचा परिणाम दोन्हीकडून होतो. शिक्षा म्हणून आलेल्यांत खरंच कुणाशी तरी नडलेले, ताठ कण्याचे लोक असतात. गडचिरोलीला अशा नडलेल्या अधिकाऱ्यांचा फायदाही झाला आहे. आणि शिक्षा म्हणून आलेल्यांत खरंच शिक्षा व्हायलाच हवी होती असेही असतात, जे इथे येऊन, कोण बघतंय म्हणून, अधिकच मोकळे होतात.

पण जो मुळात इथलाच आहे त्याचं काय? कुरखेड्याचा वनरक्षक वरिष्ठाविरुद्ध बोलला तर त्याला कुठे टाकणार? उत्तर सोपं आहे: सिरोंच्याला. गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरच्या आसपास, प्राणहितेच्या काठावर, पलीकडे तेलंगण. किंवा भामरागडला, जिथे पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की तालुका जगापासून तुटतो. काळ्या पाण्याच्या आतही एक काळं पाणी असतं. पोरांची शाळा, म्हातारीचं औषध, धानाची रोवणी, या तीन गोष्टींचा हिशेब डोक्यात झाला की पीओआरच्या पानावर किती थुटं लिहायची ते आपोआप ठरतं. ‘‘करा लागते जी,’’ हे वाक्य इकडे फार ऐकू येतं. त्यात लाचारी आहे असं बाहेरच्याला वाटतं. मला त्यात भूगोल दिसतो.

बदलीविरुद्ध कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी, मुदतपूर्व बदलीला लेखी कारणं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, १९९१ पासून आहे आणि त्याचं नागपूरला खंडपीठ आहे. सुडाच्या बदल्या तिथे रद्द झाल्याची उदाहरणं भरपूर मिळतील. पण मॅटमध्ये जाणारा सहसा तो असतो ज्याला वकील परवडतो आणि नागपूर जवळ असतं. दैनिक मजुरीवरच्या वनमजुराला ना बदलीचा कायदा लागू, ना मॅटचा रस्ता सरळ.

जागल्यांच्या कायद्याबद्दल तर काय बोलावं. सत्येंद्र दुबे या अभियंत्याचा २००३ मध्ये गयेत खून झाला, त्यानंतर २००४ मध्ये केंद्रानं एक ठराव काढला, तोही केंद्राच्या अखत्यारीतल्या कार्यालयांपुरता. जागल्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि तो आजपर्यंत अंमलात आलेला नाही. इथेही सहीच आहे, फक्त परिणाम नाही. आपल्याकडे यशवंत सोनवणे आठवतात, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी, ज्यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधन भेसळ करणाऱ्यांनी जाळलं. त्यांच्या मरणानं राज्य हादरलं. पण ते बाहेरच्या टोळीशी लढत होते. घरातल्याच, वरच्या खुर्चीशी लढणाऱ्याचं नाव सहसा वर्तमानपत्रात येत नाही. त्याची विभागीय चौकशी चालू असते.

लाचलुचपत विभागाचा रस्ता त्या मानानं उघडा आहे. १०६४ हा क्रमांक चालतो, सापळे लागतात, आणि वरिष्ठानं हाताखालच्याच माणसाकडून बिल काढायला, हजेरी मांडायला पैसे मागितले आणि पकडला गेला, अशा बातम्या विदर्भाच्या पानांवर नवलाच्या राहिलेल्या नाहीत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, मात्र बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणारा सुटतो. ही तरतूद कामाची आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. पैसे मागणारा सापळ्यात अडकतो. ‘टक्केवारी बरी आली पाहिजे’ म्हणणारा अडकत नाही.

मग उरतो तो रस्ता, जो सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत कमी वापरला जातो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यातला तिसरा नियम. वरिष्ठाच्या निदेशानं काम करत असाल तर निदेश शक्यतो लेखी घ्या. तेव्हा शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवा. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी.एस.आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवरच्या निकालात हेच ठासून सांगितलं: तोंडी आदेशांवर कारभार चालवू नका, चालवावा लागला तर नोंद ठेवा. नोंदच नसेल तर माहितीच्या अधिकारातही नागरिकाच्या हाती काही लागणार नाही, हेही न्यायालयानं पुढे म्हटलं.

नियम सुंदर आहे. आता तो वापरून बघा. ‘‘साहेब, हे जरा लेखी द्याल का?’’ एवढं वाक्य रेंज ऑफिसात उच्चारून बघा. मी स्वतः एका कार्यालयात, फार पूर्वी, असं एकदा विचारलं होतं. प्रकरण किरकोळ होतं, एका जुन्या तारखेच्या पावतीचं. वरिष्ठ रागावले नाहीत. हसले, चहा मागवला, आणि म्हणाले की कागद राहू दे. ते काम दुसऱ्याकडून झालं. पुढचं दीड वर्ष मला कुठलंच काम मिळालं नाही, आणि त्या वर्षाच्या गोपनीय अहवालात लिहून आलं की पुढाकार कमी आहे. या मार्गाची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही त्यात आहेत. लेखी मागितलं की चुकीचा हुकूम बहुतेक वेळा विरघळतो. पण तो विरघळून शेजारच्या टेबलावर जातो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, जे अजून वाचलं जातं. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि यांतली कुठली निवडायची ते निष्ठेवर ठरतं, अशी त्याची मांडणी. हर्शमन कधी आपल्या तालुक्याच्या कार्यालयात आला असता तर त्याला आणखी एक वाट सापडली असती: मेडिकल टाकणं. सही करायच्या आदल्या दिवशी पाठ धरते, साखर वाढते, आणि पंधरा दिवसांनी कामावर यावं तोवर कागद दुसऱ्या कुणाच्या सहीनं पुढे सरकलेला असतो. याला भ्याडपणा म्हणायला मी धजावत नाही. ज्याला ओरडता येत नाही आणि खोटंही लिहायचं नाही, त्यानं शोधलेली ती फट आहे. पण जंगलाच्या दृष्टीनं पाहिलं तर थुटं तितकीच राहतात.

संघटना आहेत. वनरक्षकांच्या, वनपालांच्या, रेंजरांच्या. निलंबन झालं, हल्ला झाला, वेतनश्रेणी अडली तर त्या उभ्या राहतात, आणि दीपाली चव्हाण प्रकरणात त्या जोरात उभ्या राहिल्या. पण एखाद्या सदस्यानं चुकीच्या कागदावर सही नाकारली म्हणून आदल्या दिवशी त्याच्या पाठीशी उभं राहणं, हे काम संघटना अजून आपलं मानत नाहीत. वसुली निघाल्यावर वसुली रद्द करा म्हणून निवेदन निघतं. तोवर सही झालेली असते.

या सगळ्या आढाव्यात मला एकच गोष्ट खऱ्या अर्थानं वेगळी दिसते आणि ती खात्याच्या आत नाहीच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कित्येक वर्षांच्या कामानंतर. हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि त्याचं बुक खात्याच्या हातात. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते बुक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं २०१२ मध्ये हजारभर हेक्टरवर हक्क मिळवला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी झाडांची छाटणी होते आणि आगी लागतात.

याचा वरिष्ठाच्या गैरवर्तनाशी काय संबंध? संबंध असा, की अशा गावात सही एका माणसाची राहत नाही. किती बांबू निघाला, किती पैसे आले, मजुरी कुणाला किती, हे सभेत सगळ्यांसमोर वाचलं जातं. फोनवरून ‘‘पाचच दाखव’’ सांगायला समोर एकटा माणूसच सापडत नाही. ग्रामसभा म्हणजे सोवळ्या असतात असं नाही. तेंदूच्या ठेकेदारानं बुडवलेले पैसे आणि गावातल्याच चार हुशार लोकांनी केलेले व्यवहार हेही याच जिल्ह्यांतलं वास्तव आहे. पण चूक तिथे निदान मोठ्यानं करावी लागते.

आणि याच गावातला पोरगा शेजारच्या रेंजमध्ये बीटगार्ड असतो, तेव्हा त्याची कोंडी दुहेरी होते. साहेब म्हणतात, ग्रामसभेच्या बांबूच्या गाडीत काहीतरी खोट काढ. घरी बाप त्याच ग्रामसभेत बसलेला. आदिवासी विकासाच्या कार्यालयांतही हीच गत. भामरागड प्रकल्पातल्या गायवाटपाच्या योजनेची चौकशी २०२४ मध्ये गाजली, लाभार्थ्याला कागदावर गाय मिळाली आणि गोठ्यात नाही, अशा तक्रारी होत्या. असल्या योजनेत पोचपावतीवर अंगठा घेणारा कर्मचारी आणि अंगठा देणारा माणूस बहुतेक वेळा एकाच बाजाराला जातात. वरचा अधिकारी बदलून जातो. या दोघांना दर आठवड्याला एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागतं.

अलीकडे तोंडी हुकुमाचं माध्यमही बदललं आहे. पूर्वी शिपाई निरोप घेऊन यायचा. आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी सूचना येते, दुपारी ती ‘डिलीट’ झालेली असते, आणि महत्त्वाचं काही असलं तर व्हॉट्सॲपवरूनच कॉल. काही शहाणी पोरं स्क्रीनशॉट काढून ठेवतात. व्याघ्र प्रकल्पात एम-स्ट्राइप्सचं ॲप आहे. बीटगार्ड किती किलोमीटर चालला, कुठे थांबला, कुठे पगमार्क दिसला, सगळं उपग्रहाच्या साक्षीनं नोंदलं जातं. त्याच्या पावलांची नोंद इतकी चोख, की झाडाखाली वीस मिनिटं बसला तर तेही दिसतं. बसलेला असताना फोनवर काय ऐकलं, ते मात्र ॲपला कळत नाही.

ते लिहायची एक जागा त्याच्याकडे जुन्या काळापासून आहे. वनरक्षकाची दैनंदिनी. रोज कुठे गेलो, काय पाहिलं, काय केलं, स्वतःच्या हातानं. तिच्यात कुणी लिहूच शकतं, की आज अमुक वाजता साहेबांच्या तोंडी सूचनेनुसार पाच थुटांची नोंद केली, प्रत्यक्षात पंधरा होती. एवढ्या एका ओळीनं वर्तणूक नियमाचं अर्धं काम होऊन जाईल. महिना संपला की ती दैनंदिनी तपासणीसाठी वर जाते, आणि शेवटच्या पानावर ‘पाहिली’ म्हणून सही होते. सही करतात साहेबच.